वापरण्यापूर्वी

एल आल्तोत पाणी सत्त्याऐंशी अंशांनाच उकळतं.
इथं सगळंच जरा लवकर हार मानतं:
पाणी, दम, स्टोव्हची ज्योत.

गुरुवारच्या बाजाराच्या टोकाला माझं औषधांचं दुकान.
नेमेसिया तार्की आली तेव्हा भर दुपार होती,
आणि पाठीवर पट्ट्यापट्ट्यांच्या आग्वायोत बांधलेला लिंबर्ट,
आठ वर्षांचा.
पाठीवर घ्यायचं वय नव्हतं ते.
त्याचे डोळे कशावरच ठरेनात,
हळूच एका कडेला सरकायचे
आणि हिसका बसल्यासारखे परत यायचे.

"भिंत धरून चालतो," ती म्हणाली,
"प्यायल्यासारखा."
आधी तीन आठवडे फिट थांबतच नव्हती.
चमचा एकदाही चुकला नाही, डॉन फाउस्तो, एकदाही.
मग फिट थांबली
आणि हे असं झालं.

मी बाटली मागितली.
कोंबडीखालून अंडं काढावं
तशी तिनं ती शालीतून काढली.
तळाशी दोन बोटं चिखल.
गुलाबी, विटेच्या भुकटीसारखा.

काही औषधं पाण्यात विरघळत नाहीत.
ती दळतात, वस्त्रगाळ करतात,
डिंकाच्या दाटपणात सोडून सांगतात: इथंच तरंगत राहा.
पुस्तकात याला निलंबन म्हणतात,
निलंबित कारकुनासारखंच,
ना कामावर, ना मोकळा.
पण कितीही बारीक दळा,
वजन जात नाही. ते खाली येतंच.
चांगलं औषध तळाशी बसतं ते सैलसर,
हाक मारली की उठेल असं.
वाईट असेल तर दगड होतं.
हे मी परीक्षेत लिहिलं होतं, आकृतीसकट.
पैकीच्या पैकी.

"हलवत होतीस ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली.
ती केबलकारच्या डब्यांच्या काचा पुसते,
रात्रपाळीला, पिवळ्या मार्गावर.
प्रत्येक डब्यात पाटी आहे: हलवू नका.
तिला वाटलं, महागाच्या वस्तूंचं असंच असतं.
म्हणून बाटली खिडकीत, वारा लागणार नाही अशी.
पहाटे पाचला वरचं वरचं, अलगद,
चमच्याला चमचा न लागू देता.

म्हणजे आधी तीन आठवडे त्यानं
संत्र्याच्या वासाचं गोड पाणी प्यायलं,
आणि आता चार दिवस
साऱ्या महिन्याचं औषध.

"अगं, इथं लिहिलेलं असतं," मी म्हणालो,
आवाज चढवूनच म्हणालो,
आणि बाटली तिच्याकडे फिरवली.

तिथं किंमत होती.
अडतीस बोलिव्हियानो.
माझं अक्षर, माझी चिकटपट्टी,
माझ्या अंगठ्यानं नीट दाबून बसवलेली.

नखानं खरवडली. निम्मं लेबल तिच्याबरोबर आलं.
उरलं ते एवढंच:
*...पूर्वी चांगली ह...*

तिला ते वाचता येत होतं.
ती वाचत होती, ओठ हलवत,
आणि मी टॅक्सीवाल्याला हाका मारत होतो,
इस्पितळाच्या नावानं चिठ्ठी लिहीत होतो,
औषध बंद, रक्त तपासा, केव्हापासून, किती,
सगळं लिहिलं.
पट्टीचं नाही लिहिलं.

टॅक्सीत बसताना तिनं एकच विचारलं,
"वरचं जे होतं, त्यात काहीच नव्हतं?"
"फार थोडं," मी म्हणालो.
तिनं मान हलवली.
"तरी सगळं प्यायचा. तोंड वाकडं न करता."

लिंबर्ट आठ दिवसांनी घरी गेला.
हे मला तिनं नाही सांगितलं,
बटाटे विकणाऱ्या दोन्या हर्मोहेनानं सांगितलं.
नेमेसिया आता दुसऱ्या दुकानातून औषध नेते.
नेऊ दे.

किंमत मी झाकणावर लावतो.
रात्री शटर ओढायच्या आधी
फळीवरची एकेक बाटली उचलतो,
उलटी, सुलटी, उलटी.
याला काही अर्थ नाही,
सकाळपर्यंत सगळ्या पुन्हा बसलेल्या असतात.
बाहेर दरीवर रिकामे डबे लटकलेले,
एखाद्यात दिवा, दिव्यात फडकं धरलेला हात.
वारा सुटला की डबे हलतात,
वाऱ्याला पाट्या वाचता येत नाहीत.
मी खालच्या फळीकडे वळतो.
अजून अकरा बाटल्या राहिल्यात.