पोस्टकार्ड साइज, तीन कॉपी, रिटचसह

मे महिन्यात चोपड्यात डेव्हलपर रात्री दोननंतरच कामाला येतो.
दिवसा नळाचं पाणी चहासारखं,
फिल्मवरचा थर सायीसारखा सुटून बोटांना चिकटतो.
बाबा बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायचे गोणपाटात गुंडाळून,
ट्रेखालच्या परातीत फोडून घालायचे
आणि थर्मामीटरकडे बघत बसायचे,
ताप आलेल्या लेकराच्या उशाशी बसावं तसे.

परवा मीही तसंच केलं. सोळा वर्षांनी.

कौतिकबाई दुपारी आल्या, लासूरहून, माहेराहून,
पदराच्या गाठीत पावती.
एकोणीसशे एकाहत्तर. बाबांची सही, शाई उडालेली.
मी म्हटलं, घरी फोटो असेल तर आणा,
पाच मिनिटांत काढून देते, लॅमिनेशनसह.
म्हणाल्या, आहे की. भिंतीवर. पन्नास वर्षं झाली.
मग आवाज खाली आणून,
"पन ती मी नही. भितवर मनी सवत टांगेल शे."

रजिस्टर सापडलं. क्रमांक २२१४.
कु. कौतिक धोंडू. पोस्टकार्ड साइज, तीन कॉपी, रिटचसह.
'रिटच'खाली दोन रेघा.
स्थळांना पाठवायचा फोटो.

झुरळांनी पाकिटाची खळ खाल्लेली, निगेटिव्ह शाबूत.
खिडकीशी तिरपी धरली
तेव्हा दिसली बाबांची पेन्सिल,
काचकागदावर घासून सुईसारखी केलेली,
गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर
देवीच्या एकेका व्रणात भरलेला एकेक स्वल्पविराम.
निगेटिव्हवर काळं केलं की कागदावर गोरं होतं.
या एका वाक्यावर आमचं घर चाललं,
माझी फी, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन.
तालुक्यातल्या किती मुली बाबांनी उजळल्या
आणि उजवल्या.

शिरपूरच्या लोकांनी फोटोवरूनच पसंती कळवली.
अंतरपाट सरला तेव्हा
नवऱ्याने आधी मुलीकडे, मग तिच्या मामाकडे बघितलं.
एवढंच.
मारलं नाही कधी, त्या म्हणाल्या. टाकलंही नाही.
फोटो तेवढा मोठा करून बैठकीत लावला,
येणाऱ्याला आधी तो दिसेल असा.

"मी मरसू तवय हार तिले पडी.
माले मनं तोंड दे."

आधी एक प्रिंट काढली, जशीच्या तशी.
का, ते मला विचारू नका.
मग टर्पेंटाइन, कापूस.
बाबांच्या तीन दुपारी राखाडी होऊन बोळ्यावर आल्या.

लाल दिव्यात, मुदत केव्हाच संपलेल्या ब्रोमाइडवर
(कडेने कागद करडा पडलेला)
पहिल्यांदा वेणीतली अबोली उगवली,
मग डोळे,
मग व्रण, थापलेल्या कळण्याच्या भाकरीवर
बोटं उठतात तसे.
एक व्रण ओठाच्या कोपऱ्यात होता.
तिथूनच हसू सुरू होत होतं.
बाबांनी तोही भरून टाकला होता.

काढणं सोपं गं, धुणं अवघड, ते म्हणायचे.
हायपो राहिला की दहा वर्षांत माणूस पिवळा पडतो.
बोअरचं पाणी खारं,
म्हणून वीस लिटरचे जार मागवले. दुकानदार म्हणाला, लग्न आहे का?

सकाळी कौतिकबाईंनी प्रिंटवर बोट फिरवलं,
मग तेच बोट स्वतःच्या गालावर.
काही बोलल्या नाहीत.
पावतीवर दीड रुपया बाकी होता,
तो आधी मोजून दिला, मग आजचे पैसे.

दुसरी प्रिंट अजून दोरीवर आहे,
गुळगुळीत, गोरी, एकोणीस वर्षांची.
तिला न्यायला कुणी येणार नाही.
तिलाही मी तासभर धुतलं त्या रात्री,
पाच वेळा पाणी बदलून.