घट

मिरजेहून नर आणला तीन दिवसांसाठी,
टोपलीवर माझं जुनं इरकल टाकून, एसटीत मांडीवर.
कंडक्टर म्हणाला, कोंबडं हाय काय?
मी म्हटलं, जावई हाय.
त्यानं हसून अर्धं तिकीट फाडलं.

रबडीनं पहिल्या रात्री जावयाचं नाक फोडलं,
दुसऱ्या रात्री फडताळाखाली बसून राहिली.
तिसऱ्या रात्री आम्हीच दार ओढून घेतलं.

मग दुधाच्या हिशेबाशेजारी कॅलेंडरवर फुल्या,
त्रेसष्ट.
चौसष्टाव्याला, गुजरीतली शटरं खाली येत असताना,
ती ह्यांच्या पाटाखाली शिरली,
सोन्याचा कीस झेलायला जे कातडं बांधलंय
त्या कातड्यात.
एक. दोन. मग बराच वेळ काही नाही.
मग भराभर, चहा गार होईपर्यंत
पाच.

ह्यांनी तराजू पुसला,
ज्यावर साजाची पानं तोलतात तोच.
ब्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. पंच्याण्णव. नव्वद.
शेवटचं एकाहत्तर पूर्णांक चार.
हलकं आलंय, म्हणाले,
आणि वहीत नवं पान काढलं.

दर दोन तासांनी गजर.
ड्रॉपर, कोमट दूध, चिंधीत गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली.
चौघं लोण्यासारखी भरत होती.
दहाव्या दिवशी एकाचा डावा डोळा किलकिला झाला,
मी शेजारच्या मालूताईंना पहाटे साडेपाचला उठवलं,
त्या बिचाऱ्या गॅस गळतोय समजून धावत आल्या.

पाचवं बाराव्या दिवशीही एकाहत्तरच.
तेराव्याला अडुसष्ट.
आमच्या धंद्यात ह्याला घट म्हणतात.
दहा वितळवा, दहा परत येत नाही,
गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावं लागतं.
मला कोणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, आईनं बाजूला सारलंय, तिला कळतं.
मी रबडीशी दोन दिवस बोलले नाही.

ते माझ्या पदरात गेलं, दुपारी, नळाला पाणी आलेलं असताना.
आत्याबाई दारातून म्हणाल्या,
हातून मांजर गेलं की सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं.
हे काही बोलले नाहीत.
डाग देताना गुंडाळतो त्या गुलाबी कागदात
त्याला गुंडाळलं,
स्कूटरच्या डिकीतून वडणग्याला नेलं, भावजींच्या उसाच्या बांधाला.
परत येऊन वहीत लिहिलं:
वजन, चौसष्ट.
दराचा रकाना मोकळा.

बाकीची गेली.
बाप पुरवणाऱ्यानं ठरल्याप्रमाणे उजवं पिल्लू निवडलं.
एक इचलकरंजीच्या सायझिंगवाल्यांकडं, पोरीच्या वाढदिवसाला.
एक निपाणीला, तंबाखूच्या वखारीतले लोक,
मी चारदा विचारलं, वास तर येत नाही ना घरात?
पैसे मोजताना मान वर केली नाही.
चौथ्याची शेपूट टोकाला वाकडी,
तीन गिऱ्हाइकं बघून, वंशावळ वाचून, शेपूट चाचपून गेली.
ते इथंच. नाव वाकडे.

मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात.
रबडीनं ह्या जिन्याखालचं अंगणसुद्धा बघितलेलं नाही.
तिची घरं मी हिंडते, टोपली घेऊन,
आणि परत येते तेव्हा ती टोपली आतून हुंगते,
चारी कोपरे, मग झाकण,
मग माझे हात.
रात्रभर मोरीपाशी तो आवाज,
मांजराचा वाटत नाही.
आठ दिवसांनी थांबतो.
त्या आठ दिवसांत दरवेळी मी ठरवते, पुरे.

काल मिरजेचा फोन होता.
म्हटलं, बघू. श्रावण होऊ दे.

हे म्हणतात, केस सगळीकडं.
फुंकणीत, चिमट्यात, डाळीत.
मागच्या महिन्यात साजाच्या एका पानात लाख भरताना
वितळत्या लाखेवर एक पांढरा येऊन बसला,
काढायला जावं तर आत गेला.
कागलची कुणी नवरी आता तो गळ्यात घालून
हळदीकुंकवाला जात असेल.
वजनात धरला नाही आम्ही.