तारलीचा खवला

ओकुकाहेच्या वाळवंटात पाणी पिंपानं येतं.
पहिला हक्क प्लास्टरचा, मग शेगडीवरच्या पायारच्या शेंगदाण्यांचा,
आंघोळीचा शुक्रवारी, उरलं तर.
मी गोणपाटाच्या पट्ट्या कापते, पांढऱ्या काल्यात बुचकळते
आणि देवमाशाच्या बरगड्यांवर बसवते,
हाडवैद्य मोडक्या हातावर बसवतो तशा.
मोडून नव्वद लाख वर्षं झाली.
घाई कसली.

बाप रात्रीचा राखणदार. एलिसेओ अनिकामा.
सान आंद्रेसच्या धक्क्यावर अजून कुणीतरी नाव काढेल.
ज्या साली समुद्र तापला, मांदेली खोल निघून गेली
आणि पाणपक्षी पुळणीवर ओल्या चिंध्यांसारखे पडले,
त्या साली त्यानं 'ला तेर्का' विकली. हट्टी बाई.
होडीचं नाव, आईचं नाही,
पण आई मान्य करायची नाही.
आता तो हाडं राखतो.
हाडांनाही चोर असतात;
शार्कच्या दाताला तर गिऱ्हाईक दारात उभं.

डॉक्टर बार्दालेस सांगतात:
ही पांढरी माती माती नव्हे, कवचं आहेत,
चिमटीत लाखो, फुंकलं तर उडतील.
तळातून गार पाणी वर यायचं, त्यावर हे पीक माजायचं,
मरायचं आणि झरत राहायचं.
मासा तळाशी गेला आणि खेकडे जमायच्या आत
पांघरूण पडलं.
बाप म्हणतो, नशीबवान.
आमच्यात तिसऱ्या दिवशी माती देतात.

पलीकडच्या टेकाडात आणखी एक निघालंय,
झाडाला उलटं लटकणाऱ्यांच्या घराण्यातलं,
पण हे समुद्रात उतरलेलं.
हाडं मुद्दाम जड, बुडून राहता यावं म्हणून;
तळाचं गवत उपटून खायचं.
का उतरलं? मी विचारलं.
किनारा वाळत चालला होता, डॉक्टर म्हणाल्या,
जमिनीवर खायला उरलं नव्हतं.
बाप पाराकास वाऱ्याकडं पाठ करून
बुटातली वाळू झाडत होता.
बराच वेळ एकच बूट झाडत होता.

मग तो मंगळवार.
बरगड्यांच्या आत, जिथं पोट असतं तिथं,
एक काळपट डाग. भिंगातून खवले.
मांदेली असावी, डॉक्टर म्हणाल्या,
या किनाऱ्यावर दुसरं काय असणार.
बाप ताटली घेऊन उभा होता, पाळी संपवून, डोळे लाल.
ताटली माझ्याकडं दिली, हात पँटला पुसला,
नखानं नाही, अंगठ्याच्या मऊ बाजूनं
तो एक खवला चाचपला.

तारली, म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा वर केला.
मांदेलीचा खवला हाताला लागतो न लागतो, तो म्हणाला,
याला रेघा आहेत, पंख्यासारख्या.
दोन बोटांत धरा ना. धरायला येतो.
लिमाला फोटो गेले.
तीन आठवड्यांनी उत्तर आलं, सात ओळींचं;
त्यातल्या सहा मला कळल्या नाहीत.
सातवीत तारली होती.

म्हणजे तेव्हा हा समुद्र आजच्याहून ऊन होता,
डॉक्टर वहीत लिहिता लिहिता म्हणाल्या,
गार होत होत मग मांदेलीचा झाला.
तारलीचं पाणी ऊनच असतं, बाप म्हणाला,
त्याला वही कशाला?
आणि मग, कुणाकडंही न बघता:
आता परत तापतोय, तर मांदेलीनं जायचं कुठं?
डॉक्टरांनी टोपण लावलं.
मी लाख वर्षांत मोजते, दोन एलिसेओ, त्या म्हणाल्या.
लाजून म्हणाल्या, एवढं खरं.

संध्याकाळी शेवटची पट्टी मी बसवली.
प्लास्टर घट्ट होताना तापतं,
रसायन आहे, मला ठाऊक आहे, त्यालाही सांगितलंय.
तरी तो येऊन गुडघ्यावर बसला
आणि दोन्ही तळवे त्या पांढऱ्या कुशीवर ठेवले,
जाळ्यात सापडलेलं जड काही
होडीत घ्यावं की सोडावं,
हे ठरवताना ठेवतात तसे.
ऊब गेली तरी उठला नाही.
वारा सुटला. मी पिंपाला झाकण घातलं.
मग त्याचा आवाज आला, अंधारातून, नेहमीचा:
पोरी, खाली लागतंय बघ, करपट वास येतोय.