हयातीचा दाखला

नोव्हेंबरात आमच्या बिटको शाखेत
माणसं जिवंत असल्याचं सांगायला येतात.
स्वेटर, कानटोपी, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक.
भिंतीवरची रेकॉर्डमधली बाई टोकन पुकारते,
मी मशीन पुढे सरकवते. अंगठा ठेवा.
हिरवा दिवा लागला की माणूस आणखी वर्षभर आहे.

कोम्मिनेनी मंगतायारु. कुटुंब निवृत्तिवेतन.
नवरा ओझरला, विमानाच्या पंखांना रिबिटं मारायचा.
वय शहात्तर. राहणार जेल रोड, टाकीच्या मागे.
अंगठा उमटेना.
तीस वर्षं दगडी रगड्यावर कॉलनीचं इडलीपीठ वाटलं,
रेषा त्यातच गेल्या असाव्यात.
ओल्या फडक्याने पुसून पुन्हा. लाल.
फुंकर मारून पुन्हा. लाल.
"मेले बघ परत," बाई म्हणाल्या,
अंगठ्यासारखी न झिजलेल्या, खडबडीत मराठीत,
"एकोणीस वेळा झालं. हे विसावं."

मला वाटलं, बाईंचं काहीतरी सरकलंय.
मागचा माणूस घसा खाकरत होता.

जेवणाच्या सुट्टीत त्या बाकावरच बसल्या.
चिंचेचा भात. माझ्या झाकणात दोन घास,
आणि मी न विचारलेलं सगळं.

सोळाव्या वर्षी मद्रास. सोबत मावशी, एक ट्रंक,
ट्रंकेत लोणच्याची बरणी फुटलेली.
निर्माता म्हणाला, हे नाव पोस्टरवर मावत नाही.
झाल्या नीलमंजरी.
आवाजही मावला नाही. किनरा आहे, शेतातला आहे.
मग सगळी वर्षं आवाज अनसूयाचा.
दम्याची बाई, काचेच्या खोलीत उभी राहून
यांच्या ओठांत शब्द भरायची.
यांचं रडणं तिचं, यांचं "नको" तिचं.
एकदाच गाठ पडली, स्टुडिओच्या जिन्यात.
दोघी थांबल्या.
आधी कोणी बोलायचं तेच ठरेना.

नायिका? छे. नायकाची धाकटी बहीण.
पहिल्या रिळात त्याला जेवायला वाढायचं,
सातव्यात मरायचं, म्हणजे त्याला राग यायला मोकळीक.
विहीर, विष, रूळ, गोळी, दोनदा बाळंतपण.
डोळे उघडे ठेवून मरायचं असलं की यांनाच बोलावणं.
"पापणी हलू नये म्हणून
मनात सतराचा पाढा म्हणायचे. उलटा."

ओझरला त्यांना कुणी ओळखलं नाही.
फक्त एका उगादीला क्लबात चादर बांधून
त्यांचाच सिनेमा लावला कुणीतरी.
सातवं रीळ आलं तसा नवरा उठला,
बाहेर जाऊन बोगनवेलीपाशी उभा राहिला.
बायको शेजारच्या खुर्चीत आहे, शेंगा सोलते आहे,
हे त्याला माहीत होतं.
तरी उभा राहिला, रीळ संपेपर्यंत.

"ते गेले तेव्हा," डब्याचं झाकण लावता लावता,
"मी बराच वेळ बघत होते, पापणी हलते का.
इतकं चांगलं मला कधी जमलं नाही."

अडीच वाजता मी साहेबांच्या कपाटातून
बुबुळांचं यंत्र काढलं. वायर गुंतलेली.
म्हटलं, काकू, इकडे बघा. डोळे मोठे.
आता पापणी हलवू नका.

नाही हलवली.
पंखा फिरत होता, शिपाई चहा घेऊन आला,
कुणाचं तरी पेन पडलं.
चेहऱ्यावरून एकेक वस्तू काढून ठेवावी
तसा चेहरा रिकामा होत गेला,
खालचा ओठ किंचित सुटला,
आणि मी, बावीस वर्षांची नोकरी झालेली,
काउंटरवरून वाकून त्यांचा हात धरला.

हिरवा.

प्रिंटरमधून दाखला आला, थोडा तिरका.
त्यांनी चष्मा लावून नाव वाचलं, सगळं,
बोट फिरवत, मावलंय का ते बघत.
मग म्हणाल्या, "आणि आवाज? आवाज नाही लागत?"
नाही, म्हटलं. कागदाला नाही लागत.

पिशवी उचलून दारापर्यंत गेल्या,
तेवढ्यात भिंतीवरची बाई बोलली,
टोकन क्रमांक एकशे बारा.
त्या थांबल्या. वर बघितलं.
कुणीतरी ओळखीचं बोलावतंय तसं.