एक इंच माया

मदिनाहून माम्प्रोबी. शनिवार, सकाळी नऊ दहा.
ॲप म्हणालं, अंदाजे बासष्ट सेडी.
उतरले तेव्हा एकशे एक.

मी शिवणकाम करते, मला अंदाज कळतो.
गिऱ्हाईक कापड टाकून विचारतं, "किती होतील?"
मी म्हणते, "साधारण इतके,"
मग अस्तर निघतं, चेन निघते,
लग्न चार दिवस अलीकडे सरकतं.
पण बिलावर मी एकेक गोष्ट वेगळी लिहिते,
चिंध्यासुद्धा पिशवीत घालून परत देते.

म्हणून रात्री चष्मा लावला, पावती उघडली
आणि उसवायला बसले
एकोणचाळीस सेडी, टाका टाका.

पहिले चौदा लगेच सुटले.
कानेशीच्या मागे रस्ताभर मांडव,
खुर्च्या, भोंगे, लाल-काळ्या कपड्यांतली माणसं,
कुणाची तरी अंत्ययात्रा.
गाडी मागे वळवून लांबून न्यावी लागली.
वळसा खरा होता, मी खिडकीतून पाहिला,
घाईत लावलेल्या बाह्यासुद्धा पाहिल्या.
मेलेल्या माणसाकडे चौदा सेडी मागायचे?

पुढचे नऊ: थांबण्याचे.
गाडी दाराशी उभी, अठरा मिनिटं, भाडं चालू.
माझं बोट 'तक्रार'वर पोचलं होतं.
मग आठवलं, मशीन वर कोणी नेलं?
बिडाच्या पायांचं माझं शिवणयंत्र
आयिक्वेइने खांद्यावर घेतलं, तीन जिने,
एनामच्या घरी दोन ग्लास पाणी प्यायला,
आणि खाली गाडीत फोन तसाच,
'प्रवास संपला' न दाबलेला.
ते नऊ मी बोटाखालून काढून घेतले.

मग अकरा.
नकाशावरची निळी रेघ
कोर्लेच्या खाजणापाशी येते आणि सरळ पाण्यात शिरते,
पलीकडे निघते, परत येते, पुन्हा शिरते.
फोनला वरचा उपग्रह दिसेनासा झाला असेल.
आमचं तर टायरसुद्धा भिजलं नव्हतं.

उरले पाच. नाव: टोल.
गेलो त्या वाटेवर नाका नव्हता.

एनाम म्हणाली, रडगाणं लिहू नकोस, शिव्या तर नकोच.
प्रवासाचा क्रमांक. दोन्ही आकडे.
गाडी बोलावण्याआधीच्या पडद्याचा फोटो
(तो मी काढला होता, कात्री लावण्याआधी माप घेतो तसा),
खाजणात पोहणारी निळी रेघ,
आणि शेवटी एकच रक्कम: सोळा.
सगळे परत द्या म्हटलंस तर एकही नाही यायचा.

चाळीस सेकंदांत उत्तर: भाडे नियमानुसार आहे.
चाळीस सेकंदांत मला सुई ओवता येत नाही.
त्याच तक्रारीखाली पुन्हा लिहिलं, नवी उघडली नाही:
कृपया एखाद्या माणसाने नकाशा पाहावा. गाडी पोहत नाही.
आणि खाली: ही रक्कम चालकाच्या कमाईतून कापू नका.
ती ओळ कोणी वाचली का, मला माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी अकरा आले.
पाच अजून अडकलेत. दर सोमवारी विचारते.

काल आयिक्वेइचा फोन,
मागच्या सीटखाली माझी टेप सापडली म्हणून.
मी आधी विचारलं, "तुझे कापले का रे?"
"अजून तरी नाही, आंटी."
थोडा थांबला.
"त्या दिवशी मशीनच्या पायाने
सदऱ्याचा खांदा उसवला.
शिवायचे किती होतील?"

तोंडावर आलेला आकडा मी गिळला.
म्हटलं, "घेऊन ये.
आत माया किती सोडलीय, ते बघून सांगते."