खोकला लिहू नये

नियमावलीत चौथ्या क्रमांकावर आहे:
खोकला, उसासे, अडखळणं, खुर्चीची करकर
लिहू नये.
मिनिटाला एकोणीस रुपये.
गप्प बसलेल्या मिनिटाचेही तेवढेच,
हे मला फार उशिरा कळलं.

रात्री साडेबाराला धानोरीत आमच्या गल्लीतली कुत्री
भांडून दमतात
आणि तिकडे ओहायोत वेंडेल प्रूइट माइक चालू करतो.
स्टुडिओ म्हणजे त्याचं गॅरेज.
भिंतीला बर्फ उपसायचं फावडं, पुढ्यात तो,
कुठल्याच कंपनीची जाहिरात न घेणारा,
आणि त्याच्या शब्दांमागून धावत मी,
त्याच्या देशाचा संताप टंकणारी,
स्पेलिंग तपासणारी.

डिडक्टिबल. को-पे. प्रायर ऑथरायझेशन.
सुरुवातीला वाटायचं ही माणसांची नावं असावीत,
वेंडेलचं ज्यांच्याशी जुनं वैर आहे अशी.
तो म्हणतो, दोन्ही पक्षांचे हात एकाच खिशात.
मी लिहिते.
तो म्हणतो, एका बाईनं इन्सुलिनची एक बाटली
बहिणीबरोबर वाटून महिना काढला.
मी लिहिते.
तो टेबलावर मूठ आपटतो.
ते लिहीत नाही.

मे महिन्यापासून खोकतोय तो.
प्रसारणात ऐकू येत नाही, कापतात.
माझ्याकडे कच्चा आवाज येतो.
सिनेटमधलं मतदान सांगण्याआधी दोनदा,
'मोफत' या शब्दापाशी हमखास एकदा,
कोरडा, पत्र्यावर खडा पडावा तसा.
अख्ख्या पृथ्वीवर हा खोकला रोज ऐकणारी
बहुधा मी एकटीच.
बायको सोडून गेलीय त्याची.
तेही असंच ओघात बोलला होता,
तेही कापलं.

जुलैत विलासचा हात प्रेसमध्ये सापडला. भोसरीला. तीन बोटं.
कॅशलेस होतं, कार्ड होतं,
कार्डावर हसणारं चौकोनी कुटुंब होतं.
काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीन माझ्याकडे वळवला:
साखर होती, आधी सांगितली नव्हती.
'ताई, वरून रिजेक्ट झालंय.'
मी वर पाहिलं.
वर पंखा होता.

आणि मग माझ्या तोंडून
भलत्याच माणसाचं बोलणं यायला लागलं.
कारण लेखी द्या.
नाकारणाऱ्या डॉक्टरचं नाव द्या.
प्रेसनं आधी साखर तपासली होती का, तेही लिहा.
मुलगी भांबावली, मॅनेजर आला,
चहा घेणार का म्हणाला.
दोन दिवसांनी निम्मे मंजूर झाले.
निम्म्यासाठी वहिनी लक्ष्मी रोडला गेली,
पाटल्या मोडून आली,
पावती मला दाखवली नाही.
विलास आता डाव्या हातानं कप धरतो
आणि आपण बघत नाही असं समजून
उजवा खिशात ठेवतो.

परवा वेंडेल बोलता बोलता थांबला.
सलग अकरा सेकंद.
मग म्हणाला, माझ्या स्कॅनला कंपनीनं नाही म्हटलंय.
या महिन्यात मागतोय ती वर्गणी माइकसाठी नाही.
मग खोकला.
मग म्हणाला, हे कापा.

कापलं असणार.
माझ्या फाइलमध्ये मात्र आहे.
एक्केचाळिसावं मिनिट, सातवा सेकंद,
चौथा नियम मोडून मी लिहिलं: खोकतो.
तपासणारा उद्या त्याखाली लाल रेघ ओढेल,
एकोणीस रुपये जातील. जाऊ देत.

पहाटे लोहगावची विमानं उठली,
काचा थरथरल्या, कपातली साय हलली.
मेल लिहायला घेतला. प्रिय वेंडेल,
आमच्याकडे अडुळसा म्हणून एक...
खोडलं.
परत लिहिलं: लेखी कारण मागा.
डॉक्टरचं नाव विचारा.
हे तुम्हीच सांगितलं होतं, एकोणसत्तराव्या भागात,
मी टाइप केलंय.

खाली घंटागाडी आली.
ओला-सुका अजून वेगळा करायचाय.
मेल तसाच उघडा आहे.