हातचा एक

पहाटे चारला पीठ मळायला घेतलं तेव्हा
नारीन नदीवर अजून अंधार होता
आणि जुमाबेक अंगणात मेंढीशी बोलत होता, हळू,
जणू तिची माफी मागत असावा.
पाहुणे चाळीस. बोरसोक किती तळायचे?
मी बोटांवर मोजायला लागले
आणि मोजता मोजता हसू आलं,
की हे विचारायला आता घरात
पदक मिळालेली मुलगी आहे,
आणि ती झोपलीये, तोंड उघडं टाकून.

बर्मेत चार वर्षांची होती तेव्हा
बाजारात, माझ्या साम्साच्या टपरीवर,
भर गिऱ्हाइकासमोर म्हणाली,
आई, तू सात सोम जास्त घेतलेस.
मी चिमटा काढला तिला.
रात्री गल्ला मोजला. सात जास्त.

मला हिशेबातलं येतं ते एवढंच:
नऊ न् चार तेरा, तेराचे तीन, हातचा एक.
तिच्या वह्यांत आता आकडेच नसतात.
अक्षरं असतात, बाण असतात,
आणि एक आडवा पडलेला आठ,
मला वाटलं, घाईत लवंडला असेल.

दुपारी घर भरलं.
म्हातारे दारात उंच टोप्या सांभाळत वाकले,
शाळेचे ओरोझबेक सर टाय लावून आले.
जुमाबेकने भाषण केलं.
बिश्केकला परीक्षेला किती मुलं होती ते सांगितलं,
आणि दर नव्या पाहुण्यागणिक ती मुलं वाढत गेली,
दोनशे, तीनशे, शेवटी पाचशेच्या घरात.
बर्मेत, सात सोमसुद्धा न सोडणारी,
मान खाली घालून बोरसोक कुस्करत राहिली.

पदक तर त्याने आठवड्यापूर्वीच
मिनीबसच्या आरशाला टांगलंय.
डोलोन घाटाच्या वळणावळणावर
ते काचेवर टकटकतं,
एखादी सवारी दचकून जागी होते,
मग हा म्हणतो, माझ्या मुलीचं आहे.
वाहतूक पोलिसालाही हेच सांगितलं.
दंड भरावा लागलाच.

मग रीतीप्रमाणे मेंढीचं डोकं आलं.
सापार आजोबांनी कान कापून बर्मेतच्या हातावर ठेवला.
पोरी, चांगलं ऐकत जा, म्हणाले.
टाळ्या थांबायच्या आत ती उठली,
चाळीस माणसांचे गुडघे ओलांडत बाहेर गेली.

बाहेर तिलेक कढई घासत होता.
अकरा वर्षांचा. पहाटेपासून नदीचं पाणी त्यानेच वाहिलं.
वर्गात शेवटून दुसरा.
गेल्या हिवाळ्यात बर्फात हरवलेली घोडी
एकटा जाऊन घेऊन आला होता.
कशी सापडली, विचारलं, तर म्हणाला, ऐकू आली.
आम्ही त्याला ओरडलो होतो,
येताना एक मोजा हरवला म्हणून.

त्याचे हात राखेने माखलेले,
म्हणून तिने कान थेट त्याच्या तोंडात घातला.
दोघं हसली कशाला तरी.
मी खिडकीत होते, झारा हातात.
तेराचे तीन मांडून झाले होते माझे,
मोठ्याने, सगळ्या गावासमोर.
हातचा अंगणात उभा होता.

रात्री ती माझ्या पोळपाटाशी बसली,
उरलेल्या पिठावर बोटाने काहीतरी काढत.
म्हणाली, चौथं सुटलं नाही गं मला.
दुपारभर नव्हता तो उजेड
आत्ता होता तिच्या तोंडावर.
मी समोर बसले. कळलं काहीच नाही.
शेवटी विचारलं, हा आठ का पडलाय?
तो संपत नाही, म्हणून.
मग तेवढे तळायला हवे होते, म्हटलं,
अठरा कमी पडले.

सकाळी ती पिठातली अक्षरं मी पुसली नाहीत.
शेजारी जागा करून पुन्हा कणीक मळली,
तेल चढवलं.
तिलेक वासाने उठून आला.
आज कोण येणारे?

कोणी नाही, म्हटलं. बस.